साक्षीदाराची खुर्ची

शेषराव सर गेल्याचा मंदाताईंचा फोन आला तेव्हा मी मोताळ्याच्या बसस्टँडवर उभी होते. मंदाताई म्हणजे सरांची मुलगी. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, आता मला कोर्टात उभं राहावं लागणार. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं. दोन वर्षांपूर्वी सरांनी स्वतःचं मृत्युपत्र केलं, राहतं घर मंदाताईंच्या नावे लिहिलं आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. दुसरे साक्षीदार, आमचे टायपिस्ट, सरांच्या आधीच वारले. सरांच्या तेराव्यालाच त्यांच्या पुण्याच्या मुलानं सांगून टाकलं, बाबांचा हात केवढा कापत होता, ही सही त्यांची नव्हेच. मृत्युपत्र कोर्टात टिकलं नाही तर घराचे वाटे होणार, आणि त्याला घर विकायचंच आहे. सासर सुटल्यापासून बापाचं दुखणंखुपणं काढत आलेल्या मंदाताई मग कुठे जाणार? सगळं माझ्या एका वाक्यावर येऊन ठेपलं... ‘सरांना सही करताना मी पाहिलं.’ आणि पाच आठवडे मला नेमकं तेवढंच आठवत नव्हतं. मी मान खाली घालून सही केलेली आठवत होती. सरांची नाही.

माझा स्वभावच धास्तीचा. कुलूप लावून तीनदा ओढून पाहणारी मी. वकिलीची सनद घेऊन सरांकडे आले तेव्हा त्यांनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं. ‘‘तुह्यासारखे भित्रे लोकच या कामाले पायजेत,’’ म्हणाले. बाकीचे ज्युनियर तारखा घ्यायला धावत, मी मृत्युपत्रासाठी म्हाताऱ्या माणसांजवळ बसायला शिकले. घरातल्या सगळ्यांना बाहेर पाठवायचं, चहा प्यायचा, आणि मरणाची गोष्ट आपण काढायची नाही. ‘‘आधी इचार, जीव कोन लावते. बाकीचं ते सोताच सांगते,’’ असं सरांचं म्हणणं. कागद मात्र ते चारचारदा वाचून घेत, आणि एखादा शब्द चुकला तर असे तापत की मी दिवसभर जेवत नसे.

तरी मी चुकलेच. धामणगाव बढ्याच्या कौसाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आपल्या दोन खोल्या लेकीला द्यायच्या म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं. सरांना ताप होता, म्हणून मी पहिल्यांदाच एकटी गेले. कौसाबाईंनी आत अंगठा दिला. एका साक्षीदारानं, शेजारच्या मास्तरांनी, तिथेच सही केली. दुसरे साक्षीदार गंगाराम आबा, म्हणजे कौसाबाईंच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, त्यांचे भासरे. ते काही आत येईनात. भासऱ्यासमोर त्या उभ्या जन्मात आल्या नव्हत्या. मला तो मान फार आवडला. मी कागद बाहेर ओसरीवर नेला, आबांनी सही केली, आणि मी खुशीत परतले.

सरांनी कागद पाहिला, ओसरीची हकिकत ऐकली आणि चष्मा काढला.

‘‘आबानं अंगठा देतानी पाह्यलं काय?’’

‘‘नाही सर. पण ते दारातच...’’

‘‘मंग तो साक्षीदार कायचा व? बाई उद्या गेली त लेक रस्त्यावर येईन.’’

दुसऱ्या दिवशी ताप अंगात घेऊन ते माझ्याबरोबर पहिल्या बसनं निघाले. प्रत्येक थांब्यावर मला वाटे, आता कोणीतरी चढून सांगणार, म्हातारी गेली म्हणून... कौसाबाई होत्या. श्वास लागला होता, पण शुद्ध होती. सर आबांना दारातून म्हणाले, ‘‘आबा, तोंड नोका पाहू तिचं. फक्त अंगठा पाहा.’’ कौसाबाईंनी चेहरा पदरानं झाकून घेतला आणि कागदावर पुन्हा अंगठा द्यायला हात पुढे केला. आबा खाटेशी आले. त्या अंगठ्याकडे असे पाहत राहिले की माझेच डोळे भरून आले. मग त्यांनी पुन्हा सही केली. चौथ्या दिवशी कौसाबाई गेल्या.

त्यानंतर सरांनी ऑफिसात साक्षीदाराची खुर्ची टेबलासमोर, अगदी सहीच्या जागेसमोर आणून ठेवली. कोणीही सही करण्याआधी ते पेनाच्या टोपणानं टेबलाची कड वाजवत आणि म्हणत, ‘‘इकडं पाहा.’’

परवा मंदाताईंनी ऑफिस उघडून दिलं. मी त्या खुर्चीत बसले. टेबलाच्या कडेचं पॉलिश एका जागी पार उडून गेलंय. बसल्या बसल्या माझी नजर आपोआप खिडकीकडे वळली, आणि एकदम आठवलं. त्या दिवशीही ती तिकडेच वळली होती. सरांच्या हातून पेन दोनदा निसटलं होतं. एवढा करारी माणूस, त्यांची ती फजिती माझ्यानं बघवली नाही, म्हणून मी मान फिरवली होती. आणि टेबलाची कड वाजली होती.

‘‘काऊन व पोरी, तू बी भासरा झाली काय? इकडं पाह्य.’’

मी पाहिलं होतं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी एकेक अक्षर काढलं होतं. शेवटची रेघ कागदाबाहेर टेबलावर गेली, तेव्हा ते माझ्याकडे बघून हसलेही होते.

मंदाताई दारात उभ्या होत्या. गेले पाच आठवडे त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. आता हळूच म्हणाल्या, ‘‘आठवलं काय?’’

टेबलावरच्या त्या रेघेवर हात ठेवून मी म्हटलं, ‘‘हाव ताई. सगळी सही पाह्यली मी.’’