साडूची गाडी

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. वंदनाजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, तर नाहीच — कारण गोष्ट तिच्या माहेरची आहे. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

वर्ध्यात माझं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्याआधी काही वर्षं मी गाड्यांच्या शोरूमला नोकरीला होतो. त्यामुळे नात्यागोत्यात कोणाला गाडी घ्यायची असली की पहिला फोन मला. विशेषतः जुनी गाडी. जुनी गाडी बघायला आपल्याकडे कोणी एकटं जात नाही — सोबत एक जाणकार लागतोच, जो इंजिनाचा आवाज ऐकतो, सायलेन्सरच्या धुरापुढे हात धरतो आणि शेवटी मान हलवतो. तो मान हलवणारा मी. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, लपवण्यात काय अर्थ.

सासुरवाडी सेलूची. लग्नानंतर बरीच वर्षं मी त्या घरचा एकटाच जावई होतो. मी गेलो की मामाजी — माझे सासरे — खांद्यावरच्या दुपट्ट्याने खुर्ची पुसून द्यायचे, कूलर माझ्याकडे वळवायचे. बोअरला मोटर कुठली बसवायची, टीव्ही केवढा घ्यायचा, सगळं मला विचारून. मटणातली नळी माझ्या ताटात. असं होत राहिलं की ते आपल्या हक्काचं आहे असं वाटायला लागतं. मला वाटायला लागलं होतं.

मग धाकट्या मेव्हणीचं, शीतलचं लग्न झालं.

तिचा नवरा अमोल. म्हणजे माझा साडू. सावंगीच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. अंगाने बारीक, बोलायला हळू. पहिल्या भेटीतच मला दादा म्हणाला आणि वाकून पाया पडला. त्याच्यात खोट काढायला मी किती धडपडलो म्हणून सांगू — सापडली नाही. आला की तो मामाजींचं बीपी तपासायचा. मामींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चष्म्याच्या नंबरासाठी स्वतः घेऊन गेला. शीतलच्या हातातली पिशवी घ्यायचा, आणि घरी परतताना वंदना मला ते सांगायची — सहज, पण सांगायची. मामाजी चहाच्या टपरीवर लोकांना सांगायचे, "आमचे लहाने जवाई दवाखान्यात हायेत." मोठे जवाई काय करतात ते लोकांना आधीपासून ठाऊक होतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

कूलर हळूहळू मधोमध आला. नळी त्याच्या ताटात पडू लागली, आणि तो ती उचलून माझ्या ताटात ठेवायचा. ते तर मला मुळीच सहन व्हायचं नाही. जळत होतो मी. दुसरा शब्द शोधत बसलो असतो, पण नाही, हाच आहे.

अमोलचं गाव सेलूच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. घरी तो, शीतल आणि त्याची आई. आईला जवळजवळ काहीच दिसत नाही. पण त्या घरात ती भिंतीला हात लावत लावत सगळं करायची — गॅसवर चहा ठेवायची, माठातलं पाणी घ्यायची, अंगणातल्या शेवग्यापर्यंत एकटी जाऊन शेंगा चाचपायची. अमोलची ड्यूटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. त्या वेळेला गावातून एसटी नाही. गाडी असली तर तो गावात राहून नोकरी करू शकणार होता. नसली तर सावंगीला खोली करायची, आणि आईला तिच्या ओळखीच्या भिंतींतून उचलून तिथे न्यायचं. हे त्याने मला नीट समजावून सांगितलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्याची भिशी लागली आणि तो दुकानात आला.

"दादा, मले गाडीतलं काही समजत नाई," तो म्हणाला. "तुमी हो म्हनसान त घेतो. नाई म्हनसान त नाई."

आम्ही वर्ध्यातच एका पोराकडे गाडी बघायला गेलो. बायपासकडच्या नव्या वस्तीत तो भाड्याने राहत होता. गाडी काळी, टाकीवर एक ओरखडा नाही, इंजिन असं की कान लावून बसावं. किंमतही जरा कमीच सांगत होता. गाडी बघितल्या बघितल्या माझ्या मनात काय आलं? ही गाडी सेलूच्या अंगणात माझ्या जुन्या स्कूटरशेजारी उभी राहणार, हे आलं. आधी ते आलं, बाकीचं नंतर.

मी चावी मागितली. पोराने एकच दिली. दुसरी कुठाय? हरवली म्हणाला.

आता हे तुम्हाला सांगावं लागेल. कर्जावर गाडी घेतली की आपल्याकडच्या बऱ्याच फायनान्स कंपन्या दुसरी चावी स्वतःजवळ ठेवतात, हप्ते फिटेपर्यंत. शोरूमला असताना मी स्वतःच्या हाताने अशा चाव्या पाकिटात घालून त्यांच्याकडे दिल्या आहेत. एकच चावी म्हणजे पहिली शंका तीच. मी बाजूला जाऊन मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला. मालकाचं नाव आलं, आणि त्याखाली कंपनीचं. गाडीवर बोजा होता. पोराकडे बघूनच कळत होतं की हप्ते थकलेत — नाहीतर एवढी घाई कशाला? अमोलने हळूच विचारलं, काय दादा, बरोबर हाय ना?

मी मोबाईल खिशात ठेवला. म्हणालो, "ठीक हाय. घेऊन टाका."

एवढंच. एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी काही खोटा कागद केला नाही, कोणाचे पैसे खाल्ले नाहीत. मला वाटलं, थोडी फजिती होईल. मामाजींना कळेल की दवाखान्यातल्या जावयाला साधी गाडी घेता येत नाही. मग ते माझ्याकडे वळून विचारतील, आता काय करायचं? तो प्रश्न मला परत हवा होता. त्यासाठी मी ते केलं. स्टॅम्प पेपरवर करारनामा झाला, महिन्याभरात नावावर करून देतो असं पोराने लिहून दिलं. खाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

त्यानंतर मी वाट बघत राहिलो. हे सांगायला जास्त जड जातंय. सेलूला गेलो की ती काळी गाडी अंगणात उभी, आणि मामाजी तिची सीट दुपट्ट्याने पुसताहेत — तोच दुपट्टा. माझ्या स्कूटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. गाडी दिसली की मनात यायचं, अजून कशी नाही नेली? पोराने अमोलचे फोन घेणं बंद केलं तेव्हा अमोल मला म्हणाला, दादा, कामात असन तो. मी म्हणालो, असेल.

उन्हाळा लागला आणि पवनारजवळ रस्त्यात त्याला अडवलं. फायनान्सचे वसुलीवाले, तीन-चार जण होते. शीतल मागे बसलेली. दोघांना उतरवलं, हातात एक कागद दिला आणि गाडी घेऊन गेले. लोक जमले. कोणीतरी म्हणालं, चोरीची दिसते. अमोलने पहिला फोन मला केला. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाबरलेला होता तो. आणि मला — ऐका — मला आधी बरं वाटलं. मग मागून शीतलचा रडण्याचा आवाज आला आणि मी फोन कानापासून लांब धरला.

मी त्याच्यासोबत फायनान्सच्या ऑफिसात गेलो. जाणकार म्हणून, अर्थातच. जी बाकी निघाली ती भरणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. ज्याच्याकडून घेतली तो पोरगा खोली सोडून गेलेला. टेबलामागच्या माणसाने ड्रॉवर उघडून एक पाकीट काढलं, त्यातली चावी दाखवली आणि वैतागून म्हणाला, "एकच चावी हाय म्हनल्यावर इचारलं काऊन नाई? गाडीतला कोनताबी मानूस पयले हेच इचारते." अमोल त्या चावीकडे बघत राहिला. माझ्याकडे त्याने मान वळवली नाही. बाहेर आल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला. पैसे त्यानेच दिले.

गाडी गेली ती गेलीच. महिन्याभरात त्याने सावंगीला एक खोली घेतली. गावचं घर बंद आहे. आई आता त्या खोलीत खाटेवर बसून असते. नवी भिंत तिच्या हाताला कळत नाही. एकदा दार समजून कपाटाशी गेली आणि तिथेच उभी राहिली, शीतल येईपर्यंत. मी भेटायला गेलो तेव्हा तिने माझा आवाज ओळखून विचारलं, "बापू, शेवग्याले शेंगा आल्या असतीन का?" मी आल्या असतील म्हणालो. मी तिकडे गेलोच नव्हतो.

बुद्धपौर्णिमेला सेलूला सगळे खिरीला जमलो. जेवणं झाल्यावर, खिरीच्या वाट्या हातात असताना मामाजींनी गाडीचा विषय काढला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जवाईबापू, तुमी त सोबत होते ना? तुमच्या ध्यानात कसं नाई आलं?" वंदनाही माझ्याकडे बघायला लागली. सांगायची वेळ तीच होती. मी वाटीतली खीर ढवळत राहिलो.

अमोल वाटी खाली ठेवून म्हणाला, "मामाजी, दादानं मले मना केलतं. दुसरी चावी इचार म्हनत होते. मीच घाई केली."

मामाजींनी मान हलवली. त्याच्यावर थोडे चिडले, पोरबुद्धी म्हणाले. मग कूलर माझ्याकडे वळवला आणि मला विचारलं, आता याले कोनती गाडी घेऊन द्यावं, तुमीच सांगा. मला हवा होता तो प्रश्न मिळाला. मी उत्तर दिलं. नवीच घ्या म्हणालो, जुनीच्या भानगडीत पडू नका. सगळ्यांनी ऐकून घेतलं. अमोलनेही.

म्हणजे त्याला कळलं होतं. कदाचित ऑफिसात त्या चावीकडे बघतानाच. आणि तरी त्याने माझं नाव राखलं, त्याच्याच बायकोसमोर, जिला भर रस्त्यात उतरवलं होतं. त्या वेळी मला लाज वाटायला पाहिजे होती ना? वाटली, नंतर. आधी काय वाटलं ते सांगतो. तो खाली मान घालून उरलेली खीर खात होता, आणि मला वाटलं — हेसुद्धा याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. मी पुन्हा जळलो त्याच्यावर.