गुलाबी-हिरव्या दोऱ्याची गाठ

झुंबरबाई पंचवटीत, देवळाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी हार विकतात. मखमलाबादला त्यांचा दहा गुंठे झेंडू आहे. पहाटे फुलं तोडायची, सहाच्या रिक्षाने यायचं आणि दुपारपर्यंत मान वर न करता हार ओवायचे, हा त्यांचा एकतीस वर्षांचा क्रम. माझे यजमान गेल्यापासून त्यांच्या फोटोला रोज याच बाईंचा हार असतो. माझ्या डायरीत तशी अकरा वर्षांची नोंद आहे.

पूर्वी त्या सुती दोरा वापरत. मग एका लग्नात नवरदेवाच्या गळ्यातच हार तुटला आणि भर मांडवात बोलावून वरपित्याने त्यांना नको ते ऐकवलं. तेव्हापासून नायलॉन. एक गुलाबी, एक हिरवा, दोन दोरे एकत्र पिळलेले. असा हार बाजारात दुसऱ्या कुणाचा नसतो. त्यातून बाई डावखुऱ्या, त्यामुळे शेवटच्या गाठीचे वेढेही उलटे पडतात.

"मानूस सुटंल, झुंबरबाईची गाठ नाय सुटायची," असं त्या गिऱ्हाइकाला तोऱ्यात सांगत.

गुरुवारी, ८ जानेवारीला, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची मिनीबस नांदूर मधमेश्वरला पक्षी पाहायला निघाली. एक जागा रिकामी होती. मी झुंबरबाईंना विचारलं. कधी सुट्टी न घेणारी ही बाई लगेच हो म्हणाली.

"आपली गोदामाई पुढं कुठं जाती, ते तरी बघू."

अभयारण्याच्या मनोऱ्यावरून गोदावरीचं ते पसरलेलं पाणी आणि त्यावरची बदकं पाहून त्यांनी आधी हात जोडले. काठच्या चिखलात लांब लाल पायांचे शेकाटे फिरत होते.

"अगं बया, कसं मोजून पाऊल टाकतंय बघा बाई! आमची सून सासरी आली तवा अशीच चालायची. आता लय धावती."

मग आम्ही माहिती केंद्रात शिरलो. तिथली उज्वला नावाची मुलगी सगळं समजावून सांगत होती. एका काचेच्या पेटीपाशी ती थांबली. आत कापसावर पक्ष्याचे दोन वाळलेले पाय होते, एकमेकांना करकचून बांधलेले.

"हा शेकाट्या. पायांत दोरा अडकला, उडताच येईना. आम्हाला सापडला तेव्हा मेलेला होता. नाशिककडून निर्माल्य वाहत येतं ना, त्यातल्या हाराचा दोरा आहे."

दोरा गुलाबी-हिरवा होता. टोकाची गाठ उलट्या वेढ्यांची.

 शेजारी झुंबरबाई काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या.

"पोरी, पेटी उघड."

"आजी, उघडता येत नाही."

"अगं, गाठ सोडू दे मला. माझी हाय ती."

उज्वला गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "आम्हीही प्रयत्न केला, आजी. सुटलीच नाही."

परतताना झुंबरबाईंनी डावा हात पदराखाली धरून ठेवला होता. निफाड मागे पडलं तेव्हा त्यांनी विचारलं.

"बाई, तुम्ही वाळके हार कुठं टाकता?"

"नदीत," मी म्हटलं. निर्माल्य पायाखाली येऊ नये, म्हणून दर गुरुवारी न चुकता. नुसती फुलं नव्हे, अख्खे हार. तो हार माझ्याच घरातला असू शकत होता. 

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीवर पांढऱ्या सुताचं रीळ होतं. देवळासाठी पन्नास हार न्यायला आलेला अमोल कुरकुरत होता.

"मावशी, हे तुटतील हो! लोक तुम्हालाच हसतील."

"हसू दे. तुला नायलॉन पायजे तर दुसरीकडं जा."

तो चार शिव्या पुटपुटत गेला. हार तसेच टोपलीत राहिले. मी माझा घेतला.

घरी फोटोला घालताना खिळ्याला अडकून दोरा तुटला. झेंडू फरशीभर झाले. मी खाली बसून ते वेचले आणि हातातला सुती दोरा ओढून पाहिला. सहज तुटला.

डायरीत लिहिलं: हार तुटला. झुंबरबाईंना सांगायचं नाही.