एकाच रिळातले तीस तुकडे

अख्ख्या मीरा रोडमध्ये आमच्या समोरच्या शेजाऱ्यांइतका संशयी माणूस झाला नाही, होणार नाही. आणि संशय कुणावर, तर भेंडीवर! मोबाईल घरोघरी नुकते येत होते तेव्हाची गोष्ट. गृहस्थ मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरी प्रयोगशाळेत. काम काय, तर अतिवाहक फिती वाकवायच्या. लिक्विड नायट्रोजनच्या जीवघेण्या थंडीत बुडवली की ही फीत वीज जराही न अडवता नेते, पण फार वाकवली की आतून तडकते. म्हणून हे तिचे तुकडे जाड-बारीक नळ्यांवर वाकवून कोणता कुठे दगा देतो ते लिहून ठेवायचे. गंमत अशी, की रीळ एकच, पण एक तुकडा हूं की चूं करायचा नाही आणि दुसरा लगेच मान टाकायचा. त्यामुळे "एकावरून काही सांगता येत नाही हो," हे त्यांचं पालुपद. आपण भेंडीची दोन-चार टोकं मोडून बघतो, हे तीस मोडायचे. "अंकल, सब्जी लेने आये हो या तोडने?" भाजीवाला ओरडायचा. उत्तनची कोळीण दारात आली की टोपलीतल्या एकूण एक बांगड्याचे कल्ले उघडून बघायचे. तिनं शिव्या घातल्या तरी यांची मान टोपलीतच.

निवृत्तीला वर्ष उरलं आणि बढतीची शेवटची संधी आली. वहिनींनी तर देव पाण्यात ठेवले. ज्या अहवालावर ती ठरणार होती त्यात तीस तुकडे होते. अठ्ठावीस उत्तम, दोन फारच लवकर तडकलेले. साहेब म्हणाले, ते दोन वगळा, सरासरी छान दिसेल. यांनी तीसच्या तीस लिहिले. बढती हाताखालच्या माणसाला मिळाली.

मी तडक त्यांच्या घरात शिरलो. "अहो, दोन तुकडे गाळले असते तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"भाऊ, उद्या यंत्रात नेमका तसलाच तुकडा गेला तर? तिथं सरासरी नाही हो बसवत, तुकडा बसवतात."

वहिनी आत देव पुसून ठेवत होत्या. यांनी हातची बढती घालवली आणि त्या साध्या चिडतही नव्हत्या! मला दोघांचाही भयंकर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी हेच पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात. "आमच्या हाताखालच्याची बढती झाली. गुणी आहे हो पोरगा." बढती त्याची आणि पेढे यांचे! मी सरळ सांगितलं, "मला नको," आणि दार लावून घेतलं.

वर्षभरानं ते बिऱ्हाड आवरून गावी गेले. जाताना मनात काही न ठेवता माझा निरोप घेऊन गेले. तो पेढा मी घ्यायला हवा होता.