परात झालेली तबकडी

भाऊजींनी जिच्यासाठी जुन्या बाजाराचे उंबरठे झिजवले, ती गाण्याची तबकडी त्यांनी मोठ्या विश्वासानं मला आणायला सांगितली. मी आणली, गाडीत मागच्या काचेपाशी भर उन्हात ठेवली आणि चहा प्यायला गेलो. गप्पा रंगल्या. परत येऊन बघतो तर तबकडीची परात झालेली! कणीक भिजवता आली असती तीत.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. धंदा फोटोंना फ्रेमा करायचा, वेड तबकड्यांचं. दुकानामागच्या खोलीत एका भिंतीला लोकांचे आजे-पणजे टेकलेले, दुसऱ्या भिंतीला तबकड्या. सगळे उभेच. तबकडी आडवी रचणाऱ्या माणसाला भाऊजींनी मुलगी दिली नसती. नवी तबकडी घरात आली की आधी तिला मऊ ब्रशनं आंघोळ. "पोरांना कधी इतक्या निगुतीनं न्हाऊ घातलं नाही," असं ताई म्हणते. मग सुई टेकते, भाऊजींचं बोट वर होतं आणि कुकरनंसुद्धा शिट्टी गिळावी अशी अपेक्षा असते.

ताई सवयीनं शेजारी बसायची आणि शेवटी "छान होतं" म्हणायची. एकदा स्पीकरची वायर निघाली होती. खोलीत चिडीचूप. तरी ताई म्हणाली, "छान होतं." तेव्हा कुठे भाऊजींच्या लक्षात आलं. तिला ऐकू येईनासं झालं होतं आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून ती मान डोलवत होती.

ऑपरेशन झालं. रविवारी कानाची पट्टी निघणार होती. लग्नाआधी दोघांनी पहिल्यांदा ऐकलेली तबकडीच तिच्या कानावर आधी पडावी, एवढाच भाऊजींचा हट्ट. घरातली कधीच फुटली होती. दुसरी मिळाली आणि तिची मी परात केली.

"भाऊजी, शिव्या द्या, पण बोला काहीतरी."

"सरक. उजेड अडवतोयस."

त्यांनी फ्रेमेच्या दोन जाड काचा पुसल्या, मध्ये तबकडी ठेवली, वरून वजन दिलं आणि सगळं पुन्हा उन्हात मांडलं. ज्या उन्हानं वाकवली त्यालाच सरळ करायला लावलं! मी काच उचलून बघायला गेलो, तर हातावर चापटी बसली. "पूर्ण गार होऊ दे. आणि तू लांब बस."

रविवारी तबकडी बरीचशी सपाट झाली होती. बरीचशीच. ताई खुर्चीत बसली. सुई होडीसारखी वरखाली होत निघाली. भाऊजी तबकडीकडे बघेनात, ताईकडेच बघत राहिले. ताईनं डोळे मिटले, मान डोलवली. भाऊजींचा चेहरा उतरला. ही मान त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

तेवढ्यात ताईच्या कपाळाला आठी पडली. "अहो, बाई गाताना अशी झोके का घेतेय? पूर्वी तर सरळ गायची!"

भाऊजी हसत होते की रडत होते, देव जाणे. "परत सांग, काय करतेय बाई?"

"झोके घेतेय. आणि तुम्ही ओरडू नका, ऐकू येतंय मला."

मला भलताच चेव आला. म्हटलं, "बघा भाऊजी, तबकडी धड असती, तर हिला खरंच ऐकू येतंय हे कळलं असतं का? श्रेय कुणाचं?"

सुई अलगद उचलत ते म्हणाले, "पुढची तबकडी आणायला मी जाणार."