सोलापूरला वाफ मोजायला

सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात, नाहीतर तिथून पुढे देवाला. मी गेले वाफ मोजायला. ऐन हंगामात आक्काचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. दाजी साखर कारखान्यात पॅनमन आहेत. पाक आटवून त्यात साखरेचा दाणा धरणं हे त्यांचं काम. "धड जेवत न्हाईत गं," आक्का म्हणाली. "त्यांच्या पाळीत पॅनला उशीर लागतो म्हणं. तू तसलंच शिकवतीस की कॉलेजात. ये आन् बघ." मी पुण्यात केमिकल इंजिनिअरिंग शिकवते. फळ्यावर असे पुष्कळ पॅन उकळलेत, खऱ्याजवळ फारशी गेले नव्हते. रजा टाकली आणि निघाले.

पुण्याहून सकाळची गाडी घ्यावी. खिडकी मिळाली तर कुर्डुवाडीनंतर उसाचे हिरवे पट्टे आणि मधलं कोरडं, उघडं रान दोन्ही दिसतं. स्टेशनवरून रिक्षाने सात रस्ता चौकात गेले आणि शेंगा चटणी, कडक भाकरी बांधून घेतली. ही भाकरी कित्येक दिवस टिकते, मात्र दात शाबूत हवेत. कारखाना होटगीच्या बाजूला आहे, तिकडे वडापच्या, म्हणजे शेअरच्या जीप जातात. एसटीपेक्षा थोडे पैसे जास्त पडतात आणि जीप गच्च भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर चिडचिड होईल. माझी झाली. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागे दिवा नसलेले. उजेडात पोहोचलेलं बरं.

कारखाना बघायचा असेल तर परवानगी आधी काढा, बंद बूट घाला आणि चांगले कपडे घरी ठेवा, कारण मळीचा गोड-आंबूस वास धुतल्यावरही जात नाही. लोखंडी जिना चढून पॅनच्या मजल्यावर गेले. पॅन म्हणजे घराएवढं उंच, बंद भांडं. आत नळ्या, नळ्यांभोवती वाफ. आतली हवा ओढून घेतलेली असते, म्हणून पाक कमी तापावर उकळतो आणि करपत नाही. पॅनमन मधूनमधून काचेवर थेंब घेऊन दिव्यासमोर धरतो. नको असलेला बारीक, खोटा दाणा दिसला तर गरम पाणी देऊन तो विरघळवायचा आणि पुन्हा आटवायचं.

"नळ्यांवर खपली धरली असंल," दाजी म्हणाले. मग आवाज खाली आणला. "न्हायतर मीच. वंदना, पॅन म्हातारा झाला का मी, एवढंच सांग. सायेब तोंडानं काय म्हणत न्हाईत, पर दोघांतल्या एकाला बाजूला काढणार."

बंद भांड्यातून किती पाणी उडालं ते दिसत नाही, अंदाज बांधावा लागतो. नळ्यांबाहेर एक किलो वाफ थंडावून पाणी झाली, की आत जवळपास तेवढंच पाणी उडतं. म्हणून दाजींच्या साहेबांना, म्हणजे चीफ केमिस्टना विचारून मी नळ्यांखालून येणारं ते पाणी पिंपात धरलं आणि पिंप किती वेळात भरतं ते पाहत बसले. दुसरा हिशेब पाकाचा. पातळ किती आत गेला, घट्ट होऊन किती उतरला, मधला फरक उडून गेला. दोन्ही अंदाज साधारण जुळले पाहिजेत.

दुसऱ्या पॅनमनच्या पाळीत ते जुळले. पिंप सुरुवातीला भराभर भरलं आणि पाक दाटल्यावर मंदावलं, तसं ते मंदावतंच. दाजींच्या पाळीतही पिंप तितक्याच झपाट्याने भरलं, म्हणजे नळ्या स्वच्छ होत्या. पण पाकाच्या हिशेबाने उडालेलं पाणी फारच कमी येत होतं. वाफ खर्च होत होती आणि पाक काही त्या मानाने दाटत नव्हता.

मग मी दाजींच्या शेजारी उभी राहिले. ते काच दिव्यासमोर धरायचे, डोळे बारीक करायचे आणि पाण्याचा कॉक उघडायचे. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ते वळले तेव्हा मी ती काच भिंगाखाली धरली. दाणा स्वच्छ, एकसारखा होता. दाजींना दिसत नव्हतं. घाणा, म्हणजे पॅनमधला सगळा माल बिघडायला नको म्हणून संशय आला की ते पाणी देत होते, आणि पॅन बिचारा तेच पाणी पुन्हा उडवत बसला होता. चूक शोधायला आले होते, सापडली, आणि मला ती अजिबात नको होती.

घरी चहा घेताना सांगितलं. "पॅन चांगला आहे, दाजी."

त्यांनी कप खाली ठेवला. "पाणी जास्त हुतंय ना?"

"हो."

"मागल्या हंगामापासनं धुकं येतंय डोळ्यांम्होरं. हिला न्हाय सांगितलं." आक्का दारातच उभी होती. ती आत गेली आणि भांडी आपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी दाजींनी स्वतः चीफ केमिस्टना सांगितलं. मग आम्ही तिघं सोलापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. आम्हाला वाटलं होतं मोतीबिंदू असेल, काढला की झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांतला दाब वाढून नस सुकली आहे. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली थेंब घालून सांभाळायची. दाजींनी थेंब कसे घालायचे तेवढंच विचारलं.

पुण्याला येऊन कपडे धुतले, वर्ग सुरू झाले. फळ्यावर पॅन काढताना हल्ली मी त्याच्या शेजारी एक माणूसही काढते. मुलं हसतात, हसू देत. कारखान्याने मला नुसत्या पॅनबद्दल विचारलं असतं तर मी आनंदाने मोजलं असतं. पॅनऐवजी दाजींचं मोजमाप करावं लागलं, याचं फार वाईट वाटतं.

काल दाजींचा फोन आला. "आज घरीच हाय," म्हणाले. "माझ्या पाळीला दुसरा मानूस हुता, पॅन येळेच्या आदीच शिजून सुटला म्हणं."

"मग?"

"बरं वाटलं." मग म्हणाले, "आन् लई वाईट बी वाटलं."

थेंब घातले का, मी विचारलं. घातले, म्हणाले. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.