बांगडीएवढा सूर्य

आमचे हे उद्यमनगरात वेल्डर होते. दुपारी मी डबा घेऊन गेले की जेवण राहायचं बाजूला, आधी सूर्य. मुखवट्यातली सगळ्यांत गडद काच काढून हे माझ्या हातात द्यायचे. काचेतून सूर्य हिरवट आणि अगदी शांत दिसायचा. त्या वर्षी त्यावर काळे डाग होते. एखादा मोठा असला तर नुसत्या काचेतूनही सापडायचा. "कालच्यापेक्षा सरकलाय का न्हाय बघ की," हे म्हणायचे. भाजी गार व्हायची. मी चिडायचे, पण बघायचे.

मग त्यांना आखातात काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी आमचं ठरलं. आमच्या साडेदहाला, म्हणजे तिकडच्या नऊला, दोघांनी काचेतून बघायचं, वर्तुळ काढून त्यात डाग मांडायचा आणि पत्रातून पाठवायचा. वर्तुळं सारखी यावीत म्हणून मी हातातली एक हिरवी बांगडी त्यांना दिली. काच फडक्यात गुंडाळून वरून टाके घातले. माझ्यासाठी दुसरी काच ठेवलीच होती.

माझं वर्तुळ गेलं की वीसेक दिवसांनी त्यांचं यायचं. तीच तारीख, डाग त्याच जागी. मी हरखून जायचे. दिवसभर ते पत्र पोलक्यात असायचं.

आषाढात गगनबावड्याकडून ढग आले ते हलेचनात. तीन आठवडे सूर्य नाही. ते तिकडे एकटे, आणि इकडून कोरं वर्तुळ पाठवायचं? माझा हात होईना. मनानंच खाली डावीकडे एक डाग काढला आणि पत्र पेटीत टाकलं.

उत्तर आलं. वर्तुळात खाली डावीकडे डाग, आणि शेजारी लिहिलेलं, "माझाबी तिथंच हाय."

खोटं मी केलं होतं, तरी राग मला त्यांचाच आला. म्हणजे हे बघतच नव्हते, माझंच उतरवून पाठवत होते! इतके महिने मी एकटीच मान वर करून उभी होते. विचारायची सोय नव्हती. माझंही उघडं पडलं असतं.

दोन वर्षांनी परत आले. बॅग मीच उपसली. फडकं तसंच होतं, एक टाकाही उसवलेला नव्हता. मी ते नुसतं त्यांच्यासमोर धरलं.

"पयल्याच दिवशी हातात घेतलं हुतं," हे म्हणाले. "म्हटलं, सूर्य दिसंल, डाग दिसंल, आन् शेजारी तू नसशील. मग उसवलंच न्हाय."

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात बॅगेच्या तळातून बांगडी निघाली. तिची कड सगळीकडून शाईनं काळी झाली होती. मी ती न धुता हातात घातली.