मागच्या गाडीने येणारा

परक्या मुलखात दादा एकटेच उतरले. खरं तर धाकटा भाऊही सोबत यायचा होता, पण ऐन निघताना त्याने पाय मागे घेतला. “तू पुढे हो, मी मागच्या गाडीने येतो,” म्हणाला. मागची गाडी आली, तिच्यात तो नव्हता. घरचे मात्र सांगत राहिले, तो तर त्याच दिवशी निघाला.

दादांचं लग्न नंतर, इथेच झालं. त्यामुळे वहिनींनी या दिराला कधी पाहिलंच नव्हतं. दादा तेव्हा दुसऱ्याच्या हॉटेलात कपबश्या विसळायचे. पुढे दोघांनी गाडीतळासमोर खिडकीएवढी जागा घेतली. दादा सकाळी कॉफीचे दाणे भाजायला घ्यायचे, वास थेट फलाटावर जायचा आणि माणसं नाकामागे चालत दुकानात यायची. दुसरं दुकान स्टेशनसमोर निघालं, तिसरं बंदरावर. लोक म्हणायचे, काय धंद्याचं डोकं आहे! वहिनींना खरं कारण ठाऊक होतं. गाडीतून उतरणाऱ्याच्या नजरेस पहिलं दादांचंच दुकान पडायला हवं होतं.

बंदरावरचं दुकान उघडलं त्याच आठवड्यात तिथल्या कॉफी करणाऱ्या मुलीने सांगितलं, कुणीतरी दादांची चौकशी करून गेला. हनुवटीवर व्रण होता. कॉफी संपवून त्याने कप बशीत पालथा घातला आणि उठला.

दादांचा चेहरा पांढराफटक पडला. “वय काय असेल?”

“माझ्याएवढाच. विशी-बाविशीचा.”

दादांनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. वहिनींनी समजूत घातली, नात्यातलं कुणी पोर असेल. दादांनी मान हलवली. व्रण धाकट्याचा होता, आणि कप पालथा घालायची खोडही त्याचीच, आई त्यावरून रोज त्याला बोलायची.

मग दादा बंदरावर ठाण मांडून बसले. तिथे कुणी आलं नाही. तो स्टेशनसमोरच्या दुकानात येऊन गेला. दादा तिकडे धावले, तर तो गाडीतळावर. शेवटी जाळं टाकावं तशी त्यांनी गावोगाव दुकानं उघडली. बघणाऱ्यांना ती भरभराट वाटली. प्रत्येक नव्या दुकानात तो यायचा, दादा नेमके नसताना. एकमेकांना कधी न भेटलेली नोकरमाणसं तोच व्रण सांगायची आणि तेच कोवळं वय. एकदा तो नुकताच उठून गेलेला असताना वहिनी पोचल्या. कॉफी आत्ताच दिली होती म्हणे, पण पालथा कप हाताला तळघरातल्या दगडासारखा गार लागला. त्यांनी दादांना ते सांगितलं नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तसे दादा घरी बसले. एका भर दुपारी वहिनी जुन्या दुकानात गल्ल्यावर होत्या. समोर सावली आली. त्यांनी वर पाहिलं.

“वहिनी, दादा आहे?”

पहिल्यांदाच बघत होता, तरी वहिनी म्हणाला. वहिनींनी बसा म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. “ते नाहीत. गावाला गेलेत.”

तो समजुतीने हसला. “असू दे. घरी बघतो.”

घर दोन गल्ल्यांवर होतं. त्या त्याच्या मागे लगोलग बाहेर पडल्या, पण उन्हाने भरलेल्या रस्त्यावर कुणीच नव्हतं. धापा टाकत त्या घरी पोचल्या. दार सताड उघडं. दादांची काठी भिंतीला टेकलेली, चपला उंबऱ्याशी. काठीशिवाय मोरीपर्यंतही न जाणारा माणूस घरात नव्हता. समोर कपडे वाळत घालणारी नवीन शेजारीण म्हणाली, कुणा तरुण मुलाच्या खांद्यावर हात टाकून गेले की, चांगले ताठ चालत होते. मुलगा असेल असं तिला वाटलं. वहिनींना मूलबाळ नव्हतं.

पोलिसांनी शोधलं, दवाखाने पालथे घातले. दादा मिळाले नाहीत.

दुकानं आता वहिनी चालवतात, आणि चोख चालवतात. मात्र नवीन दुकानाचा विषय निघाला की त्या उठून जातात. व्यवस्थापक जुना माणूस. एकदा त्याने हट्टच धरला, जागा सोन्यासारखी आहे, नको का म्हणता?

“नवीन उघडलं की ते येतील,” वहिनी म्हणाल्या. “लग्नात होते तसे, तरणेताठे. मी ही अशी.”

त्यांनी पदराने गल्ला पुसला आणि त्याला दाण्यांचं विचारलं.